फॉइल, येझी आणि भिवंडी : स्त्रियांच्या तलवारबाजीचा इतिहास

तलवार हे शस्त्र महाराष्ट्राच्या इतिहासाला जितके जवळचे आहे, तितकाच तलवारबाजी हा आधुनिक क्रीडाप्रकार मराठी समाजाला दूरचा राहिला आहे, आणि त्यातही स्त्रियांच्या फॉइल या प्रकाराची वाटचाल मराठी वाचकाच्या नजरेस क्वचितच पडते. या वाटचालीत इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी एक गोष्ट आहे. १९९२ ते २०१२ या काळात झालेल्या सहा ऑलिंपिक स्पर्धांपैकी पाच स्पर्धांत स्त्रियांच्या फॉइलचे वैयक्तिक सुवर्णपदक इटलीतील येझी या एकाच लहान गावात घडलेल्या तीन खेळाडूंनी जिंकले, आणि त्यांतील तीन सुवर्णपदके वालेन्तिना वेत्साली या एकटीची होती. येझीची वस्ती सुमारे चाळीस हजार आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ भरली, म्हणजे भिवंडी येझीच्या सतरापटीहून मोठी आहे. विजेत्या खेळाडूच्या कारकिर्दीचे मूळ गावाच्या आकारात किंवा त्याच्या युद्धपरंपरेत नसून, एका दालनात दशकानुदशके न खंडता चाललेल्या शिक्षणात असते, हे येझीच्या उदाहरणावरून दाखवता येते. आणि यंत्रमागांवर जगणाऱ्या भिवंडीसारख्या गावाच्या दृष्टीने तो इतिहास केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

फॉइल म्हणजे काय

आधुनिक तलवारबाजीत तीन शस्त्रे आहेत : फॉइल, एपे आणि सेबर. एपे हे द्वंद्वयुद्धातील तलवारीचे वंशज असून त्यात प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर कोठेही टोक टेकले तरी गुण मिळतो. सेबर हे घोडदळाच्या तलवारीच्या कुळातले असून त्यात कमरेच्या वर कोठेही, टोकाने तसेच पात्याच्या धारेने, वार करता येतो. फॉइल मात्र मुळात युद्धाचे शस्त्र नव्हतेच. युरोपातील शस्त्रशाळांत विद्यार्थ्यांना इजा न होता टोकाचा वार शिकवता यावा म्हणून बोथट टोकाची हलकी, लवचिक तलवार वापरली जात असे आणि तिच्यातूनच हे शस्त्र घडले. आजच्या नियमांप्रमाणे फॉइलचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी, पात्याची लांबी जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर आणि मुठीसह एकूण लांबी जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर असते. गुण केवळ टोकाने मिळतो, आणि तोही प्रामुख्याने धडावर केलेल्या वाराला. हातावर, पायावर किंवा मास्कवर टोक लागले तर खेळ थांबतो, पण गुण मिळत नाही.

फॉइलचा खरा कस अग्रहक्काच्या नियमात लागतो. दोघींची टोके जवळपास एकाच वेळी लागली, तर ज्या खेळाडूने आधी हात लांब करून हल्ला सुरू केला तिला गुण मिळतो. बचाव करणाऱ्या खेळाडूने आपल्या पात्याने तो हल्ला बाजूला सारला, म्हणजे पॅरी केली, तर हक्क तिच्याकडे जातो, आणि तिने त्या पाठोपाठ केलेल्या प्रतिवाराला, म्हणजे रिपोस्टला, प्राधान्य मिळते. त्यामुळे फॉइलची लढत ही दोन पात्यांमधील प्रश्नोत्तरांची मालिका असते आणि पंचाला नुसता वार दिसून भागत नाही, तो कोणत्या क्रमाने घडला हेही सांगावे लागते. लढत १४ मीटर लांबीच्या अरुंद पट्टीवर होते, तिला पिस्ट म्हणतात. बाद फेरीत तीन मिनिटांच्या तीन सत्रांत जी आधी १५ गुण मिळवते, किंवा वेळ संपताना जिचे गुण जास्त असतात, ती जिंकते.

विजेचे उपकरण येण्यापूर्वी वार लागला की नाही हे पिस्टच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले परीक्षक नुसत्या डोळ्यांनी ठरवीत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निर्णायक लढतीत ब्रिटनच्या ज्यूडी गिनेस हिने, प्रतिस्पर्धी एलेन प्राइसचे आपल्याला लागलेले दोन वार परीक्षकांच्या नजरेतून सुटल्याचे स्वतःहून सांगितले, आणि सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या प्राइसकडे गेले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून फॉइलला विजेची जोड मिळाली. आज खेळाडूच्या जाकिटावर धातूच्या तारांनी विणलेले लामे जाकीट असते, फॉइलच्या टोकाशी दाबले जाणारे बटण असते आणि बाहीतून जाणारी बॉडी वायर त्या बटणाला गुणयंत्राशी जोडते; टोक लामेवर ५०० ग्रॅमपेक्षा अधिक दाबाने टेकले तर रंगीत दिवा लागतो, इतरत्र टेकले तर पांढरा. वार लागला की नाही हे यंत्र सांगू लागले, तरी अग्रहक्क कोणाचा हा निर्णय आजही माणसाच्याच हाती आहे.

स्त्रियांच्या वाट्याला आलेले शस्त्र

स्त्रियांची तलवारबाजी ऑलिंपिकमध्ये प्रथम १९२४ साली पॅरिस येथे आली आणि डेन्मार्कची एलेन ओसिएर ही पहिली विजेती ठरली. त्या वेळी स्त्रियांना केवळ फॉइल खेळण्याची मुभा होती, कारण जड शस्त्रे स्त्रीच्या शरीराला झेपणार नाहीत आणि शोभणारही नाहीत, अशी त्या काळाची पक्की समजूत होती. सांघिक स्पर्धेसाठी स्त्रियांना १९६० पर्यंत, एपेसाठी १९९६ पर्यंत आणि सेबरसाठी २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. जवळपास सत्तर वर्षे ऑलिंपिकच्या पिस्टवर स्त्रियांना हे एकच शस्त्र मिळाले. ते मर्यादा म्हणून दिले गेले, परंतु स्त्रियांनी त्याच्या मर्यादेतच इतके सखोल कौशल्य निर्माण केले की फॉइलच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत भक्कम कारकिर्दींत स्त्रियांच्या कारकिर्दी अग्रभागी येतात.

या दीर्घ कारकिर्दींची सुरुवात हेलेन मायर आणि इलोना एलेक या दोघींपासून होते. जर्मनीतील ऑफेनबाख येथे १९१० मध्ये जन्मलेल्या मायरला तेथील तलवारबाजी मंडळात आर्तुरो गात्सेरा या इटालियन गुरूने घडवले, आणि १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. तिचे वडील ज्यू असल्याने १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच तिच्या स्वतःच्या मंडळाने तिचे सदस्यत्व काढून घेतले. त्या वेळी ती कॅलिफोर्नियात शिकत होती. पुढे आंतरराष्ट्रीय दबावामुळे जर्मन सरकारने तिला १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या संघात घेतले, आणि तेथे तिला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हंगेरीच्या एलेकला आणि कांस्य ऑस्ट्रियाच्या प्राइसला मिळाले. वंशशुद्धीचे ढोल बडवणाऱ्या राजवटीच्या राजधानीत विजयमंचावर उभ्या राहिलेल्या या तिन्ही स्त्रियांना ज्यू वंशाचा वारसा होता. पदक स्वीकारताना मायरने नाझी पद्धतीने हात उंचावून सलामी दिली, आणि त्या कृतीचा अर्थ काय, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. दुसऱ्या वर्षी, १९३७ मध्ये, तिने पॅरिस येथे जागतिक विजेतेपद मिळवले, नंतर अमेरिकेत राहून तेथील राष्ट्रीय विजेतेपद अनेक वर्षे आपल्याकडे ठेवले आणि १९५३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचा मृत्यू झाला.

एलेकची कारकीर्द युद्धाने मधोमध तोडली. १९४० आणि १९४४ च्या ऑलिंपिक स्पर्धा झाल्याच नाहीत. तरीही १९४८ मध्ये लंडन येथे, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिने सुवर्णपदक राखले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे रौप्य मिळवले. बारा वर्षांच्या अंतराने हाती तेच शस्त्र आणि गळ्यात तेच पदक, हे शक्य झाले ते फॉइलच्या स्वभावामुळे. या शस्त्रात वयाबरोबर कमी होणाऱ्या वेगाची भरपाई अंतराचा अंदाज, वेळेची जाण आणि प्रतिस्पर्धी वाचण्याची नजर यांनी करता येते, मात्र हे गुण लहानपणापासून एका गुरूपाशी मुरलेले असावे लागतात.

बर्लिनच्या त्याच ऑलिंपिकशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. अमरावती येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेले आणि त्याने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली. एकाच नगरात, एकाच उन्हाळ्यात, युरोपीय शस्त्रशाळेची परंपरा पदकांसाठी झुंजत होती आणि मराठी व्यायामशाळेची परंपरा आपले कसब दाखवत होती. मात्र पहिली परंपरा गुण, नियम आणि स्पर्धा यांच्या चौकटीत बसवलेली होती, तर दुसरी सादरीकरणाच्या. आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

येझीचे दालन

येझी हे इटलीच्या मार्के प्रांतातील, आंकोनाजवळचे, एसिनो नदीच्या खोऱ्यात वसलेले तटबंदीचे जुने गाव आहे. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा जन्म ११९४ मध्ये येथे झाला, आणि संगीतकार पेर्गोलेसी याचाही जन्म येथलाच, १७१० सालचा. एकोणिसाव्या शतकात या गावात रेशमाचे धागे काढण्याचे कारखाने भरभराटीस आले आणि त्यांत प्रामुख्याने स्त्रिया राबत. तलवारबाजीची म्हणावी अशी परंपरा मात्र गावाला नव्हती. ती आणली एका युद्धकैद्याने.

एत्सिओ त्रिक्कोली हा येझीचा रहिवासी दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती सापडला आणि दक्षिण आफ्रिकेतील झोंडरवॉटर येथील युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची वर्षे गेली. तेथे एका इंग्रज सार्जंटकडून तो तलवारबाजी शिकला. सुटून गावी परतल्यावर त्याने शिकलेले इतरांना शिकवायला सुरुवात केली आणि १९४७ मध्ये येझीच्या तलवारबाजी मंडळाची स्थापना झाली. त्रिक्कोलीच्या शिकवणीतून पहिला वैयक्तिक ऑलिंपिक विजेता बाहेर पडायला चार दशके लागली : १९८८ मध्ये सोल येथे स्तेफानो चेरिओनीने पुरुषांच्या फॉइलचे सुवर्ण जिंकले. त्यानंतर चार वर्षांनी, १९९२ मध्ये बार्सिलोना येथे, जोव्हान्ना त्रिल्लिनी स्त्रियांच्या फॉइलची विजेती ठरली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनात इटलीचा ध्वज तिच्या हाती देण्यात आला. याच वर्षी त्रिक्कोलीचे निधन झाले. बाहेरून पाहणाऱ्याला येझीचे यश अचानक उसळलेले वाटते, पण एका शिक्षकाने एकाच ठिकाणी सुमारे पन्नास वर्षे केलेल्या कामाचे ते फळ होते. आरंभीच्या चाळीस वर्षांत त्या कामाला वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णाचे नाव लाभले नव्हते, तरी मंडळाचे दालन उघडे राहिले.

वेत्सालीची कारकीर्द

वालेन्तिना वेत्सालीचा जन्म १४ फेब्रुवारी १९७४ रोजी येझी येथे झाला आणि वयाच्या सहाव्या वर्षी ती त्रिक्कोलीच्या दालनात दाखल झाली. किशोरवयातच वडील गेले. उंची १ मीटर ६४ सेंटिमीटर, म्हणजे तलवारबाजीत बेताचीच. लांब हातांच्या खेळाडूंपुढे अशा खेळाडूला अंतर झटक्यात तोडणे, समोरच्या खेळाडूचा हल्ला अर्ध्यावर असतानाच हेरणे आणि पॅरीनंतरचा रिपोस्ट कोणत्याही कोनातून घालणे हे सारे आत्मसात करावे लागते. वेत्सालीच्या खेळाची ओळख याच गोष्टींनी झाली.

अटलांटा येथे १९९६ मध्ये ती प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरली. अंतिम लढतीत रुमानियाच्या लॉरा बादियाने तिला हरवले, तरी रौप्य वेत्सालीला आणि कांस्य त्रिल्लिनीला मिळाल्याने, १९९२ ते २०१२ या काळात येझीच्या हातून सुवर्ण निसटलेल्या त्या एकमेव स्पर्धेतही उरलेली दोन्ही पदके येझीलाच आली. शिवाय सांघिक सुवर्ण इटलीने जिंकले. २००० मध्ये सिडनी येथे वेत्साली वैयक्तिक आणि सांघिक अशा दोन्ही सुवर्णांची मानकरी ठरली. २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर दुसरी कोणी नसून त्रिल्लिनीच उभी होती. एकाच गुरूच्या हाताखाली, एकाच दालनात वाढलेल्या दोघी ऑलिंपिकच्या अंतिम पिस्टवर समोरासमोर आल्या आणि वेत्सालीने १५–११ असा विजय मिळवला. परस्परांचा प्रत्येक डाव ठाऊक असलेल्या दोन खेळाडूंची ती लढत येझीच्या मंडळाच्या इतिहासाचा कळस मानायला हरकत नाही.

त्यानंतरचे वर्ष तिच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण वर्षांपैकी एक होते. जून २००५ मध्ये तिला पहिला मुलगा झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाने फॉइलच्या गुणयंत्राच्या वेळा बदलल्या : दिवा लागण्यासाठी टोक लक्ष्यावर अधिक काळ टेकलेले असणे आवश्यक झाले आणि एका खेळाडूचा वार लागल्यावर दुसरीचा वार नोंदवला जाण्यासाठी मिळणारी मुदत कमी झाली. पाते चाबकासारखे फिरवून खांद्यामागे किंवा पाठीवर टोक टेकवण्याचा जो डाव तोवर प्रचलित होता, त्याला या बदलाने मोठा आळा बसला आणि अनेक अनुभवी खेळाडूंना आपला खेळ नव्याने बांधावा लागला. बाळंतपणानंतर सुमारे चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, लाइपझिग येथील जागतिक स्पर्धेत वेत्साली नव्या नियमांनिशी उतरली आणि वैयक्तिक सुवर्ण घेऊन परतली. १९९९, २००१, २००३, २००५, २००७ आणि २०११ अशी सहा वैयक्तिक जागतिक विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. त्यांतील २००५ चे विजेतेपद स्त्रीखेळाडूच्या आयुष्यातील मातृत्वाच्या टप्प्याकडे पाहण्याची क्रीडाविश्वाची दृष्टी बदलण्याच्या कामी विशेष मोलाचे ठरले.

बीजिंग येथे २००८ मध्ये अंतिम लढतीत तिची गाठ दक्षिण कोरियाच्या नाम ह्युन-ही हिच्याशी पडली. नाम वेत्सालीपेक्षाही ठेंगणी आणि अतिशय चपळ होती. दोघीही सावध राहिल्याने गुणसंख्या अगदी कमी राहिली. लढत संपायला काही सेकंद उरले असताना वेत्सालीने निर्णायक वार लावला आणि ६–५ अशी बाजी मारली. या विजयाने तलवारबाजीत एकाच शस्त्रात सलग तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णे जिंकणारी ती पहिली खेळाडू ठरली. चार वर्षांनी लंडन येथे उद्घाटनात इटलीचा ध्वज तिच्या हाती होता. तेथे कांस्यपदकाच्या लढतीत पुन्हा नामच समोर आली. चार गुणांनी मागे पडलेल्या वेत्सालीने अखेरच्या काही सेकंदांत बरोबरी साधली आणि बरोबरीनंतर मिळणाऱ्या एका मिनिटाच्या वाढीव वेळेत १३–१२ असा विजय खेचून आणला. त्या स्पर्धेचे सुवर्ण येझीच्याच एलिसा दि फ्रान्चिस्काला, रौप्य आरियान्ना एरिगोला आणि कांस्य वेत्सालीला मिळाले, म्हणजे तिन्ही पदके इटलीची. सांघिक सुवर्णही इटलीनेच घेतले. पाच ऑलिंपिक स्पर्धांत मिळून तिची नऊ पदके झाली : सहा सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य.

इटलीत विजेत्या खेळाडूंपैकी अनेकांना पोलीस दल आणि सैन्यदले यांच्या क्रीडा विभागांत नोकरी मिळते. वेत्साली राज्य पोलिसांच्या फियाम्मे ओरो या विभागाकडून खेळली. पगाराची ही हमी होती म्हणूनच तलवारबाजीसारख्या अल्प प्रेक्षकांच्या खेळात तिला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकून राहता आले. २०१६ मध्ये तिने निवृत्ती घेतली. त्याआधी २०१३ मध्ये ती इटलीच्या संसदेवर निवडून आली होती आणि पुढे २०२१ मध्ये केंद्र शासनात क्रीडा खात्याची उपसचिव, म्हणजे राज्यमंत्र्याच्या दर्जाची पदाधिकारी, झाली.

कोकणपट्टीतील तलवार आणि तालीम

युरोपीय तलवार कोकणाला नवी नव्हती. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून आलेली सरळ, लांब युरोपीय पाती देशी मुठीत बसवून तयार होणारी फिरंग मराठ्यांच्या हाती मानाने वावरत असे. भिवंडी वसईपासून फार दूर नाही. कल्याण आणि भिवंडी ही जोड बंदरे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी विजापूरकरांकडून घेतली आणि मराठी आरमाराच्या उभारणीशी कल्याण-भिवंडीच्या खाडीचे नाव कायमचे जोडले गेले. युरोपीय पाते इतक्या लवकर या किनाऱ्यावर आले, तरी ते पाते चालवण्याची युरोपीय शाळा, तिचे टोकाचे डाव आणि तिचे नियम येथे रुजले नाहीत. मराठी योद्ध्यांनी ते पाते आपल्या युद्धपद्धतीत सामावून घेतले, आणि ती पद्धत मुख्यतः कापण्याची होती.

या पद्धतीचे सर्वांत प्रगत शस्त्र दांडपट्टा होय. त्याची मूठ मनगटापासून कोपराच्या दिशेने हात झाकणाऱ्या पोलादी खोबणीत बसवलेली असते, पाते लांब, सरळ आणि लवचिक असते, आणि मनगट खोबणीत जखडलेले असल्याने सारे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावे लागतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांनी ही विद्या आजवर जपली आहे आणि तेथे मुलीही लाठी, तलवार, दांडपट्टा शिकतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. या वारशाचा अभिमान योग्यच आहे. तथापि दांडपट्ट्याचा खेळाडू फॉइलचा खेळाडू आपोआप होत नाही, कारण पहिला मोठ्या वर्तुळात, सादरीकरणाच्या शिस्तीत खेळतो, तर दुसऱ्याला १४ मीटरच्या सरळ पट्टीवर, जिवंत प्रतिस्पर्ध्यासमोर, बोटांच्या सूक्ष्म हालचालींनी टोक नेमक्या जागी न्यायचे असते. दोन्ही विद्यांना समान असलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे वस्ताद व त्याची तालीम.

आशियाचा आणि भारताचा अनुभव

युद्धपरंपरेचा वारसा असलेल्या आशियाई समाजांना युरोपीय खेळात स्थान मिळवता येते, हे चीनच्या लुआन ज्यूज्ये हिने सिद्ध केले. नानजिंगच्या या डावखुऱ्या खेळाडूला १९७८ मध्ये माद्रिद येथील जागतिक युवा स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते दंडात घुसले. तशा अवस्थेतही ती खेळत राहिली आणि रौप्यपदक मिळवले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिने स्त्रियांच्या फॉइलचे सुवर्ण जिंकले आणि तलवारबाजीतील आशियाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण चीनच्या नावावर नोंदवले गेले. तिच्याही मागे वन ग्वोगांग या प्रशिक्षकाची दीर्घ मेहनत होती.

भारतात तलवारबाजीची राष्ट्रीय संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली. २०२४ पर्यंत ऑलिंपिकच्या पिस्टवर पोहोचलेली एकमेव भारतीय तलवारबाज म्हणजे चेन्नईची भवानी देवी. तिचे शस्त्र फॉइल नसून सेबर आहे. २००४ मध्ये शाळेत खेळ निवडताना इतर खेळांतील जागा भरल्याने ती तलवारबाजीकडे वळली आणि सुरुवातीचा सराव तिने बांबूच्या काठ्यांनी केला. पुढे केरळातील तलश्शेरी येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सागर लागू या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिची खरी जडणघडण झाली, आणि नंतर इटलीतील लिव्होर्नो येथे निकोला झानोत्ती यांच्याकडे तिने सराव केला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने पहिली लढत १५–३ अशी जिंकली आणि दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याकडून ती पराभूत झाली. २०२३ मध्ये वुशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तत्कालीन जागतिक विजेत्या मिसाकी एमुरा हिला हरवून तिने भारतासाठी कांस्यपदक आणले. तलश्शेरी हे केरळच्या किनाऱ्यावरील लहान गाव आहे. तेथे केंद्र होते, शिक्षक होता आणि राहण्याची सोय होती, म्हणून चेन्नईची मुलगी तेथे गेली.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रामुळे तलवारबाजीला बळ मिळाले, शालेय स्पर्धांत या खेळाला स्थान आहे, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या पाच टक्के आरक्षणाने काही प्रमाणात इटलीच्या पोलीस दलांसारखी हमी देऊ केली आहे. परंतु केंद्र विभागाच्या ठिकाणी असते आणि स्पर्धा वर्षातून मोजक्या वेळा येते. सहा वर्षांच्या मुलीला घरापासून चालत जाता येईल असे दालन गावातच असावे लागते. येझीचा धडा नेमका हा आहे.

भिवंडीच्या इतिहासातील पुरावा

अशी विद्या परक्या गावात रुजते का, या प्रश्नाचे उत्तर भिवंडीच्या स्वतःच्या इतिहासात आहे. भिवंडीचा आजचा धंदा या मातीतला मूळचा नाही. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेल्या मोमीन विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, त्यांनी हातमाग मांडले, विसाव्या शतकात त्या हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि बंदर म्हणून मागे पडलेले हे गाव देशातील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक बनले. मागावर काम करणारा कामगार ते पुस्तकातून शिकत नाही. तो जुन्या कारागिराशेजारी उभा राहून, तुटलेला धागा चटकन कसा सांधायचा, बीम कसा चढवायचा आणि आवाजावरून मागाची नादुरुस्ती कशी ओळखायची, हे महिनोन् महिने पाहत शिकतो. संकटाने घराबाहेर काढलेल्या माणसांनी आणलेले कसब, ते शिकवायला दुसऱ्या गावात थांबलेले हात आणि पिढ्यान्‌पिढ्या बंद न पडलेला कारखाना, या तीन गोष्टींतून भिवंडी घडली. कैदेतून आणलेले कसब, ते शिकवायला थांबलेला त्रिक्कोली आणि १९४७ पासून बंद न पडलेले दालन, या तीन गोष्टींतून येझी घडले.  येझीत मुलींना तलवारबाजीच्या दालनाचे दार खुले झाले, एवढाच दोन्ही गावांतील निर्णायक फरक म्हणावा लागेल.

त्यामुळे स्त्रियांच्या फॉइलचा इतिहास महाराष्ट्राला सांगतो ते असे की विजेती खेळाडू ही पराक्रमाच्या स्मृतीतून किंवा एखाद्या असामान्य मुलीच्या जिद्दीतून एकट्याने निर्माण होत नाही. ऑफेनबाखच्या मायरमागे गात्सेरा होता, नानजिंगच्या लुआनमागे वन ग्वोगांग, तलश्शेरीत भवानी देवीमागे सागर लागू, आणि वेत्सालीमागे पन्नास वर्षे एकाच गावात शिकवणारा त्रिक्कोली. यंत्रमागाच्या गावात तलवारबाजीचे दालन उभारायचे तर एक लांब खोली, दोन पिस्टा, एक गुणयंत्र आणि मुलांच्या मापाचे मास्क, फॉइल व जाकिटे एवढ्यावर आरंभ करता येतो. अवघड भाग नंतरचा आहे, आणि तो म्हणजे पहिल्या पदकाची घाई न करता तो शिक्षक आणि ते दालन चाळीस वर्षे टिकवून धरणे. नगरपालिका, शाळा आणि गिरणीमालक यांनी ही जबाबदारी पदकांच्या आधी स्वीकारली, तर त्यांच्या गावातून विजेती घडू शकते. परक्या कसबाला आपल्या गावाचा धंदा बनवण्याची ताकद भिवंडीने एकदा दाखवलेली आहे, आणि तीच ताकद तिच्या मुलींसाठी वापरण्याचा अधिकार व कर्तव्य दोन्ही भिवंडीकडेच आहेत.